पोस्टकार्डाएवढी फट

बैल विकत घेताना गेणबा दात सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बैल चालवायला लावायचा आणि वाकून गुडघ्याशी कान न्यायचा. सांधा वाजला की सौदा मोडला.

तापलं की लोखंड वाढतं.

लाखेवर शिक्का नीट उठायचा असेल तर लाख गरम हवी, शिक्का गार.

गरम तेलात भिजलेल्या घोंगडीला जिवंत मेंढीचा वास येतो.

१९३६ साल. बारामतीच्या हिंदुरावांकडे ऊस होता, गुऱ्हाळ होतं आणि एका संस्थानिकाकडून घेतलेली सहा सिलिंडरची उघडी मोटार होती. मोटार पळायची भन्नाट. पण दर दोन महिन्यांनी इंजिनाच्या झडपा जळायच्या, दम जायचा, आणि पुढे बैल जुंपून ती घरी आणावी लागायची. इंदापूरचे आबासाहेब हे दृश्य आवडीनं बघायचे.

"हिंदुराव, नुसते बैलच पळवा की. मागं मोटार कशाला बांधताय?"

यावरून पैज लागली. इंजिनावरचं बॉनेट लाखेनं बंद करायचं, त्यावर आबासाहेबांचा शिक्का. बारामतीहून इंदापूरला जायचं आणि परत यायचं. दोन तासांत, शिक्का न मोडता.

टिकाऊ झडपा निवडायचं काम सावळाराम मिस्त्रीकडे आलं. मुंबईच्या कारखान्यात आठ वर्षं काढून तो गावी परतला होता आणि हिंदुरावांच्या चिंचेखाली मोटारी उघडायचा. "पैज जिंकलो तर रस्त्याकडंची पत्र्याची शेड तुझी," हिंदुराव चार माणसांत बोलले होते. सावळारामला स्वतःच्या नावाची पाटी लावायची होती. चिंचेला ती लावता येत नव्हती.

मुंबईहून पार्सल आलं. हिंदुरावांनी एक झडप तळहातावर झेलली.

"हलकी हाय रं."

"हलकीच पायजे, मालक. मिनिटाला हजारदा उठबस करायची तिनं. जड घेतली तर स्प्रिंगला आवरायची न्हाय. पोलाद विमानाच्या जातीचं हाय, लाल झालं तरी वितळत न्हाय."

"आणि स्प्रिंग? ह्याच्याहून ताठ मिळत न्हवती?"

"मिळत हुती. पर लई ताठ घेतली तर खालचा दांडा झिजतो. पोरीला दाबून धरायचं का नांदवायचं?"

हिंदुराव हसले. इथवर सगळं ठीक होतं.

पैजेच्या सकाळी मोटारीला हळदकुंकू झालं, नारळ फुटला. आबासाहेब लाख आणि शिक्का घेऊन हजर होते. इंजिन सुरू केलं. टिक, टिक, टिक, टिक.

हिंदुरावांचे बैल पारखून देणारा गेणबा पुढे झाला. वाकून त्यानं बॉनेटला कान लावला.

"हिंदुराव," तो म्हणाला, "सांधं वाजत्यात."

आबासाहेबांच्या मिशा हलल्या. तेवढं पुरलं.

"सावळ्या! नव्या मालाला आवाज कसला?"

"फटीचा, मालक. झडपेच्या टोकावर पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवलीय. इंजिन तापलं की झडप लांबती. लांबायला जागा न्हाय मिळाली तर ती पुरती मिटत न्हाय. उघडी ऱ्हायली की जळती. आपल्या आधीच्या तशाच गेल्या. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवूनच चढवता न्हवं तुमी?"

"व्हय. आणि चढवल्यावर धाव वाजली तर लोहाराला शिव्या घालतो. फट मिटीव."

"मालक..."

"चार माणसांत मला म्हातारा बैल दाखवायचा न्हाय. मिटीव म्हंतो ना!"

"अर्धा तास लागंल. तवर पाव्हण्यांचं जेवण उरकून घ्या."

मंडळी आत गेली. सावळारामनं झडपांवरचं पत्र्याचं झाकण काढलं. बाराही फटींतून पोस्टकार्ड एकदा घालून बघितलं. ते जसं जायला हवं तसंच जात होतं. मग बसायची घोंगडी फाडली, चार पदरी केली आणि झाकणाला आतून तारेनं घट्ट बांधली. झाकण बसवलं.

पाहुणे हात धुवून आले. इंजिन आता मांजरासारखं गुरगुरत होतं. गेणबानं कान लावला आणि मान डोलावली. लाख ओतली, शिक्का उठला.

बारामती सोडली. हिंदुराव चालवत होते. शेजारी आबासाहेब, मागं गेणबा आणि सावळाराम.

शेळगाव. आवाज नाही.

निमगाव केतकी. गेणबा हवा हुंगत म्हणाला, "मेंढरं हैत का रं हितं कुठं?" सावळारामनं दूरच्या मोकळ्या माळाकडे बोट दाखवलं. "गेली आत्ताच."

इंदापूर. पाणीसुद्धा न पिता मोटार वळवली.

पुन्हा निमगाव. "मेंढरं अजून हितंच?" "दुसरी आली."

बारामती. एक तास बावन्न मिनिटं. लाख शाबूत.

आबासाहेबांनी डोक्यावरचा फेटा काढून हिंदुरावांना घातला. हिंदुरावांनी तो तसाच उचलून गेणबाला घातला.

"ह्या कानानं गाडी राखली. गेणबा, शेड तुझी. इथून पुढं माझ्या दारात येईल ती मोटार आधी तू ऐकायची. सावळ्या तुझ्या हाताखाली."

सावळारामनं बॉनेटकडे बोट केलं. "मालक, फट तशीच हाय. मी मिटवलीच न्हाय. म्हणून झडपा टिकल्या."

"अरं, मग आवाज कुठं गेला?"

"झाकणाला आतनं घोंगडी बांधलीय."

सगळे पोट धरून हसले. आबासाहेब तर खाली बसले. "इंजिनाला घोंगडी! थंडी वाजत हुती काय रं त्याला?"

"झाकण काढून दावतो."

सावळारामनं पाना उचलला. हिंदुराव आडवे आले. आबासाहेबांचा शिक्का मोडायचा? पैजेचा पुरावा तो. येईल त्या पाहुण्याला दाखवायचा होता. शिक्का मोडायचा नाही, मोटार हलवायची नाही, बॉनेटला रोज सकाळी फूल वाहायचं, असं तिथंच ठरलं.

"आणि ती माझी इंदापूरला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार," हिंदुराव म्हणाले, "तिच्या फटी आजच मिटीव. गेणबा ऐकंल."

गेणबानं फेटा सावरला आणि सावळारामच्या हातातला पाना घेऊन उलटसुलट करून बघितला.

पैजेच्या आधीच, चैत्रात, सावळारामनं शेडला आतून चुन्याचे दोन हात दिले होते.