ट्रेलरचे ढिले ब्रेक

मी ट्रकचा मिस्त्री. वीस वर्षं ब्रेकचंच काम करतोय. हाताला यश आहे असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून ऐकून मी शेफारलो होतो. नाहीतर असला दीडशहाणपणा सुचला नसता.

त्या दिवशी भाऊजी, माझ्या ताईचे यजमान, ट्रकला जोडलेला ट्रेलर घेऊन आले, तेव्हा मागची चाकं तापून वास मारत होती. चाकं उतरवून ब्रेक उघडायला हवे होते. अर्ध्या दिवसाचं काम, आणि मला कंटाळा आला होता. मी चाकांमागचे बोल्ट फिरवून ट्रेलरचे ब्रेक ढिले केले आणि म्हणालो, रिकामाच तर आहे, परत आलात की नीट बसवून देतो. माझ्या शब्दावर ते निघाले.

उतारावर रस्ता ओला होता. भाऊजींनी ब्रेक दाबला. ट्रेलर ओढणारा ट्रक थांबायला लागला, मागचा ट्रेलर काही थांबेना. त्याने ट्रकला मागून रेटलं आणि सगळं धूड मिटत्या चाकूसारखं मध्येच दुमडलं. शेजारची छोटी मोटार त्या बेचक्यात सापडली. ती चालवणाऱ्या बाईंचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. भाऊजींच्या चार बरगड्या मोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपघाताचे तपासनीस आले. ट्रेलरचे ब्रेक जाणणारा गावात मीच, म्हणून मलाच बोलावलं. साहेब फोन घ्यायला बाजूला गेले, तेवढ्यात मी पाना लावून सगळे बोल्ट आवळून टाकले. मग म्हणालो, बघा, ब्रेक ठीक आहेत. त्यांनी लिहिलं, चालकाची चूक. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं, आणि त्यामुळेच मला अजून कुणाला तोंड दाखवायला होत नाही.

दुपारी इस्पितळात गेलो. ताई बाहेरच्या बाकावर बसली होती. भाऊजींचं लायसन्स जाणार, कदाचित तुरुंगवासही होणार, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी तिच्या शेजारी टेकलो.

"ह्यांनी जबाब दिलाय," ती म्हणाली. "ब्रेक उत्तम होते, माझाच पाय जोरात पडला म्हणून."

मग तिने आवाज खाली केला.

"मला खरं सांगितलंय त्यांनी. म्हणाले, तुझ्या भावाचं नाव यात येता कामा नये." ती माझ्यावर चिडलीसुद्धा नाही. "जा आत. तुझी चौकशी करत होते."

आत जायला मला तोंड नव्हतं. तसाच उलटा फिरलो आणि तपासनिसांच्या कचेरीत जाऊन उभा राहिलो.

"साहेब," मी म्हणालो, "ते बोल्ट मी आज सकाळी आवळले. तुमच्या पाठीमागे."