ज्या फ्री थ्रोला मी गप्प राहिलो

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. लोखंडी पिंपाच्या अंगाचा, रेड्याच्या कातड्याचा. इलोइलो शहरातल्या सान आर्सेनियो कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा. आवाज एवढा की मी सुरू झालो की रेफरीला स्वतःची शिट्टी ऐकू येत नाही. बढाई नाही मारत, खरं तेच सांगतोय.

मला मानोंग तेबान यांनी घडवलं. मानोंग म्हणजे आमच्या बोलीत दादा. जानेवारीतल्या दिनाग्यांग सणाच्या मिरवणुकीत मी वाजलो, अंगाला काजळी फासलेल्या पोरांसोबत रस्ताभर नाचलो. मग कॉलेजने मला नेलं आणि गॅलरीत पहिल्या रांगेत बसवलं.

तिथे माझी चैन होती. जिंकलं की पोरं माझ्यावर बसून बॅचॉय, म्हणजे शेवयांचं सूप, खायची. गरम सूप कातड्यावर सांडायचं. मी काही बोलायचो नाही, लाडच होते ते.

मला वाजवायची सेल्दा. दिसायला काडी, पण हात हातोडीसारखे. सराव संपला की कोच तिला थांबवायचे. "वाजव गं! मॅचमध्ये समोरचे काय अंगाई गाणारेत?" मग पोरं माझ्या गोंगाटात फ्री थ्रो टाकायची, समोरच्याने धक्का दिला की मिळतात ते मोकळे नेम. सगळ्यात जास्त टाकायचा वेल्मार. उंच, काळा, पायात रबरी चपला. बाकीची पोरं घरी गेली तरी हा आपला टाकतोय.

आणि हाच वेल्मार नदीपलीकडच्या कॉलेजात गेला. कॉलेज बदलणाऱ्याच्या नियमाप्रमाणे तिथे वर्षभर बाकावर बसला, मग आमच्याच विरुद्ध उतरला. आमची गॅलरी त्याला एकाच नावाने हाक मारायची. गद्दार.

इकडे आमची टीम हरत चालली. माझ्याकडे कोण बघणार? विद्यार्थी मंडळाच्या पोरांनी ठरवलं, यंदा शेवटच्या चारात आलो नाही तर ढोल भंगारात आणि गॅलरीत स्पीकर. त्यांचा अध्यक्ष माझ्यावर पाय ठेवून म्हणाला, "बटण दाबलं की वाजतो. वाजवायला माणूस नको."

शेवटच्या चारात जायला एकच मॅच जिंकायची होती. आणि समोर नदीपलीकडचे.

त्या दिवशी मी जीव तोडून वाजलो. शेवटचे काही सेकंद उरले, आम्ही एका गुणाने पुढे. तेवढ्यात आमच्या पोराने वेल्मारला धक्का दिला. दोन फ्री थ्रो, एकेका गुणाचे.

"गद्दार! गद्दार!" गॅलरी पेटली. सेल्दाने मला असं बडवलं की छप्पर थरथरलं. वेल्मारने चेंडू आपटला, आपटला, गुडघे वाकवले, टाकला. चेंडू रिंगलाही न लागता आत गेला. बरोबरी.

सेल्दाचे हात हवेतच थांबले.

"अगं, वाजव ना!" अध्यक्ष ओरडला. "झोपलीस काय?"

"गप्प बसा. सगळे गप्प बसा."

"आपल्या गॅलरीत गप्प? कुणी मेलंय का?"

"अरे बावळटा, तो ह्या ढोलावर शिकलाय! माझ्या ठोक्यावर चेंडू आपटतोय, माझ्या ठोक्यावर टाकतोय. आपणच त्याला मदत करतोय!"

मग अध्यक्षच मागे वळून, ओठांवर बोट ठेवून, हात हलवत सुटला. रांगेमागून रांग शांत झाली. आमची गॅलरी अशी शांत चर्चमध्येही नसते.

वेल्मारने चेंडू आपटला. थांबला. पुन्हा आपटला. मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. टाकला तेव्हा हात घाईत होता. चेंडू रिंगवर आपटून बाहेर आला, आमच्या पोराने तो हवेतच पकडला, पळत सुटला आणि भोंगा वाजायच्या आत टोपलीत टाकला.

जिंकलो! एकही ठोका न वाजता मी जिंकवली मॅच. सांगा बरं, कुठला स्पीकर हे करेल?

मग रिवाजाप्रमाणे दोन्ही टीम उभ्या राहिल्या. आधी हरलेल्यांचं कॉलेजगीत, मग आमचं. आमच्या गीताला वेल्मारनेही मूठ वर केली. ओठ हलत होते त्याचे. शब्द पाठ होते की. गॅलरीतून कुणी "गद्दार" म्हटलं नाही.

तो सरळ आमच्याकडे आला. डोळे लाल.

"थांबायची अक्कल कुणाची?"

"माझी," सेल्दा म्हणाली.

"फार वाईट मुलगी आहेस तू."

"मानोंग, शिकवणी आमचीच घेतलीस ना? मग?"

तो हसला. नाक पुसलं. मग माझ्यावर तळवा ठेवून दाबला. "कातडं किती सैल झालंय गं. कुणी बघत नाही का ह्याच्याकडे?"

अध्यक्ष चपलांकडे बघत होता. वेल्मार गुडघ्यावर बसला आणि समोरच्या टीमचा शर्ट घालून माझी एकेक दोरी ओढून घट्ट करू लागला. त्याचे लोक बसमधून हाका मारत होते, तरी शेवटची गाठ मारूनच उठला.

मित्रांनो, मला हवं तेवढं बडवा, मी तक्रार करणार नाही. पण दोऱ्या तुम्ही ओढत जा. हरून निघालेल्या माणसाला त्यासाठी थांबायला लावू नका.