पलटीत गेलेली मिशी

"वळलो, पाऊल टाकलं. पुन्हा वळलो, पाऊल टाकलं. कुठे आलो?"

"जागेवर, सर!"

"तोंड कुठे?"

"होतं तिकडेच, सर!"

सावे सरांनी मिशीच्या दोन्ही टोकांना एकदम पीळ दिला. गणित नीट जमलं की ते तसं करत, आणि त्यांचं गणित नीट जमायचंच.

रामनाथ सावे वर्गात शिरण्याआधी त्यांची मिशी शिरायची आणि निम्मी हजेरी तीच घ्यायची. सर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की तिचं डावं टोक चिंचणी दाखवी आणि उजवं तलासरी. दोन्ही टोकं एका उंचीवर, केसाचाही फरक नाही. धाकटी डहाणूचे मच्छीमार धुक्यात खाडीचं तोंड शोधताना दिव्याकडे नाही, सरांच्या मिशीकडे बघत, असं शपथेवर सांगणारी माणसं अजून आहेत. सर तेव्हा पहाटेच्या थंडीत किनाऱ्यावर कशाला उभे असत, हे मात्र त्यांना विचारू नये, ती माणसं रागावतात.

दरवर्षी जूनमध्ये नवी पोरं आली की सर पहिल्या तासालाच सांगत, "माझी चूक जो फळ्यावर पकडेल, त्याच्या डोळ्यांदेखत ही उतरवीन." पोरं वर्षभर टपून बसत. अधिक-उणे तपासत, कंस मोजत. एकदा एकानं तारीख चुकल्याचं दाखवलं, तर सर म्हणाले, "तारीख मी लिहिली नाही, आधीच्या तासाची आहे. बस खाली." डहाणूच्या त्या कॉलेजात मिशी वीसेक वर्षं सुखरूप राहिली.

ही गोष्ट दोन हजार सतराच्या जानेवारीतली. तिसऱ्या वर्षाला गणित घेणारी पाच टाळकी उरली होती. सर त्यांना जनरलाइज्ड डायहेड्रल ग्रुप शिकवत होते. तो अभ्यासक्रमात नव्हता, पण सरांच्या बागेत काही झाडं विक्रीसाठी होती आणि काही नुसती आवडीची, तसंच हे.

"चालींचा एक गट घ्या," सर सांगत होते. "आधी ही चाल केली काय, आधी ती केली काय, फरक पडत नाही असा. प्रत्येक चालीला तिची उलटी चाल असतेच. पाऊल पुढे, तर उलटी म्हणजे पाऊल मागे. आता त्यात एक पलटी टाका. पलटीचा नियम एकच. पलटी मारा, चाल करा, पुन्हा पलटी मारा, की तीच चाल उलटी होऊन बाहेर येते."

मग सर स्वतः चालून दाखवायचे. आधी वळून मग पाऊल टाकलं तर ते दाराशी पोचत. आधी पाऊल टाकून मग वळले तर खिडकीशी. "बघा! गट कसा सालस होता, क्रमाची भांडणंच नव्हती. पलटी आली आणि आधी कोण, नंतर कोण, हे सुरू झालं." सरांनी फळ्यावर लिहिलं, *पलटी आली की क्रम आला. नेहमी.* आणि 'नेहमी'खाली खडू तुटेल अशी रेघ ओढली.

तास संपला. व्हरांड्यात संगिता वरठा उभी होती. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची, डहाणूला होस्टेलवर राहणारी. ती बोलायची कमी, आणि बोलण्याआधी ओढणीच्या टोकाला गाठ मारायची. आत्ता गाठ मारून झाली होती.

"सर, तो शेवटचा शब्द."

"कुठला?"

"नेहमी."

"त्याचं काय?"

"तो राहत नाय, सर."

सर हसले. मिशीही हसली. "का राहत नाही?"

संगितानं भिंतीवरच्या बोर्डाकडे हात केला. "हे दिव्याचं बटण. दाबणं ही चाल. याची उलटी चाल कोणती?"

"पुन्हा दाबणं."

"म्हंजे तीच. पंख्याचंही तसंच. आधी पंखा का आधी दिवा, फरक नाय. झाला गट. आता यात तुमची पलटी टाका. ती काय करते? चाल उलटी करते. पण इथं उलटी चाल म्हंजे तीच चाल. तिला उलटं करायला काय उरतंच नाय. मग पलटी आधी का चाल आधी..." तिनं वाक्य तिथंच सोडलं.

सरांचा हात मिशीकडे गेला आणि निम्म्या वाटेत थांबला.

"दोनच बटणं घेतलीस तू."

"कितीपण घ्या, सर."

कितीही घेतली तरी तेच होतं, पलटी येऊनही क्रम येत नव्हता. डहाणूच्या अख्ख्या थर्मल पॉवर स्टेशनची बटणं घेतली तरी तेच. सरांना ते तिचं वाक्य संपायच्या आधी कळलं होतं. नुसतं कळून वळायला जरा वेळ लागला.

संगितानं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "वर्गात कोणाला कळलं नाय, सर. मी पण नाय सांगणार. मिशी राहू द्या."

सर मसोलीला घरी गेले ते चालतच. चिकूच्या वाडीत शिरल्यावर त्यांनी एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत वळा-पाऊल, पाऊल-वळा असं इतक्यांदा केलं की बांधावरच्या वटवाघळांनी त्या रात्री उलटं लटकायचं सोडलं, असं म्हणतात. पोरीच्या म्हणण्याला भोक पडेना.

"आज मिशी उतरवायची आहे," त्यांनी बायकोला सांगितलं. "म्हणजे उद्या."

हिरकणीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "रविवारी मयुराचा साखरपुडा आहे."

"माहीत आहे."

"चिंचणीची माणसं येणार. बाप बिनमिशीचा बघून काय म्हणतील? घरात कोणतरी गेलं, सुतक लपवून कार्य करतायत, असंच म्हणतील ना?"

"चूक झाली माझी. फळ्यावर."

"कोणाला कळलं?"

"एका पोरीला."

"ती गावभर सांगणारे?"

"नाही म्हणाली."

"मग झालं तर! देवासारखी पोर आहे."

"तेच तर." सर पाटावर बसले. "माझी मिशी, माझ्या ओठावर, आणि उद्यापासून ती तिच्या मेहेरबानीनं बसणार? आणि ती पोर उद्या शिकवायला लागली तर माझ्याकडून काय शिकून जाईल? मास्तराची चूक दिसली की गप्प बसायचं?"

हिरकणीबाईंनी सूप पुन्हा उचललं. "मग निदान सोमवारी उतरवा."

"दिलेला शब्द सोमवारची वाट बघत नाही."

"वाट बघायला शब्दाला काय होतंय? मयुराला कोण उत्तर देणार?"

सर पाटावरून उठले आणि पुन्हा वाडीत फिरायला गेले. गणिताबाहेरचे प्रश्न ते बऱ्याचदा असेच सोडवत.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले. त्यांनी तेच वाक्य फळ्यावर पुन्हा लिहिलं, रेघेसकट, आणि खडू संगितापुढे धरला. "ये. मोठ्यानं."

संगितानं एकामागून एक दोन गाठी मारल्या आणि उठली. बटणांचा गट मांडला. पलटी टाकली. मग तिनं स्वतःहून एक पाऊल पुढं टाकून दाखवलं की गोष्ट तेवढ्याच गटांत बिघडते, जिथं प्रत्येक चाल स्वतःचीच उलटी आहे. बाकी सगळीकडे सरांचं वाक्य उभं राहतं. शेवटी तिनं 'नेहमी' पुसलं. पोरांच्या नजरा फळ्यावरून सरळ सरांच्या मिशीवर गेल्या.

"पूर्ण बरोबर," सर म्हणाले. "चला सगळे. इराणी रोडला, सलूनमध्ये."

जतीनच्या दुकानात पाच पोरं आणि एक मास्तर मावेनात, म्हणून दोघं फुटपाथवरून काचेतून बघत होते. जतीननं सरांचं म्हणणं ऐकलं आणि वस्तरा मागे लपवला.

"अरे सर, शुं थयुं, काय झालं? कोण गेलं, कोण ऑफ झालं घरात?"

"घरात नाही. एक वाक्य ऑफ झालं."

"वाक्य?"

"वीस वर्षं ठणठणीत होतं. काल दुपारी गेलं. तू वस्तरा चालव."

"मी नाय चालवणार. ही मिशी मी पोरासारखी सांभाळली. एक टोक केसभर वर गेलं तर मी गवंड्याची पातळी लावून कापतो, माहीत हाय ना तुमाला?"

"जतीनभाय, मी डोळे मिटतो. तूही मीट पाहिजे तर."

"मी मिटला तर नाक जाईल, सर."

शेवटी जतीननं उजवी बाजू काढली आणि त्याला रडू आलं. डावी काढताना संगिताला आलं. सरांना नाही. त्यांनी आरशात बघितलं. ओठावर, जिथं कधी ऊन पोचलं नव्हतं, तिथं फिकट पट्टा होता, नव्यानं रंगवलेल्या घराच्या कठड्यासारखा. ते संगिताकडे वळले. "नीट बघून घे. तुझी आहे."

दुकानातून मसोलीपर्यंत सर जे चालले, ते वरातीतल्या नवऱ्याच्या थाटात. लोक मात्र चपला काढून हात जोडू लागले. मिशी गेली म्हणजे माणूस गेलं. माणूस कोण, तर सरांचे म्हातारे चुलते लक्ष्याकाका, हे बाजारानं आपापसांत ठरवून टाकलं. संध्याकाळी ओट्यावर भेटायला आलेली मंडळी खाली मान घालून बसली. त्यांच्यातच कडेला एक म्हातारा येऊन बसला, अर्धा तास त्यांच्याबरोबर उसासे टाकले, आणि शेवटी शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "कोण गेलं रे? मला कोणी सांगतच नाय." ते लक्ष्याकाका होते. त्यांना पुढं दोन दिवस कोणी हसताना बघितलं नाही.

चिंचणीपर्यंत बातमी त्या रात्रीच पोचली. व्याह्यांचा फोन आला. "सर, सुतक असेल तर सांगा, आपण पुढे ढकलू. पण लपवू नका." सरांनी फोनवर बटणं आणि पलटी समजावायचा प्रयत्न केला. व्याह्यांनी फोन बाजूला धरून आईला विचारलं. मग व्याही म्हणाले, "आई म्हणते, आम्ही येतो. समोर बघून ठरवू."

मयुरा आपल्या खोलीचं दार लावून बसली. सरांनी दाराबाहेरून विचारलं, "चूक केली का ग मी?" आतून उत्तर आलं, "तुमी विचारता पण कापून झाल्यावर, पपा."

रविवारी चिंचणीची मंडळी आली. वाडीत मांडव होता, पेढे होते, खुर्च्या होत्या. मंडळी बसली, पण पाण्याच्या ग्लासाला कोणी हात लावेना. सगळे नवऱ्या मुलाच्या पुतळीआजीकडे बघत होते. आजी सरांच्या ओठाकडे बघत होती.

"मास्तर," आजी म्हणाली, "कोण गेलं ते सांगा. खरं सांगा."

सर उठले. मांडवाच्या मधोमध उभे राहिले. वळले, पाऊल टाकलं. वळले, पाऊल टाकलं. "आजी, कुठे आलो?"

"होता तितेच."

"बरोबर. हे मी वीस वर्षं शिकवलं, हे खरंच आहे. पण त्यापुढं एक गोष्ट मी 'नेहमी' म्हणून सांगत आलो, ती नेहमी खरी नव्हती. शब्द दिला होता की चूक पकडली तर मिशी देईन. पकडली. दिली. या घरात कोणी गेलेलं नाही. लक्ष्याकाका, उभे राहा."

लक्ष्याकाका रागानं उभे राहिले. मांडवात हसू फुटलं. आजी मात्र हसली नाही.

"पकडली कोणी?"

मागच्या रांगेत वर्गातली पोरं बसली होती. संगिता उठली. आज तिच्या नव्या ओढणीला गाठ मारायला टोकच सापडेना.

"तू? मास्तराची चूक काढलीस?"

"हो, आजी."

"सगळ्यांदेखत?"

"मी गप्प बसणार होते," संगिता म्हणाली. "सर नाय बसले."

पुतळीआजीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग सरांना, मग पुन्हा तो फिकट पट्टा. "मुलगी द्यायला घर बघतात," ती व्याह्यांना म्हणाली. "सून करून आणायलाबी बघायचं असतं. हे बरं आहे. पाणी आण रे इकडे."

मांडवभर ग्लास वाजले. साखरपुड्याच्या फोटोत सर मधोमध आहेत, छाती अशी काढलेली की शर्टाचं एक बटण फोटोनंतर सापडलं नाही. शेजारी, नात्यागोत्यात कुठंच न बसणारी संगिता आहे. तिला सरांनी हाताला धरून आणलं होतं.

मिशी पुन्हा वाढवता आली असती. जतीन दर महिन्याला विचारी. सर म्हणत, "वाढवली तर नवी पोरं विचारणार नाहीत, सर, तुमची मिशी कुठं गेली." पोरं विचारत, आणि मग सर सगळी गोष्ट सांगत. दर वर्षी तीत संगिताची बटणं वाढत गेली आणि जतीनचं रडणंही. धाकटी डहाणूच्या होड्या मात्र, म्हणे, त्यानंतर एकदोनदा चुकून गोगापूर खाडीत शिरल्या. असं एखादं खाडीचं नाव तिकडे आहे की नाही, याची सरांनी कधी चौकशी केली नाही.

दोन हजार एकोणीसच्या जुलैत सर तलासरीला गेले. तिथल्या कॉलेजात संगिता वरठा एम.एस्सी. करून तासिका तत्त्वावर लागली होती. ते न सांगता मागच्या दारानं शिरले आणि शेवटच्या बाकावर बसले. बाक बुटका होता. गुडघे वर आले.

संगिता फळ्यापुढं वळली, पाऊल टाकलं. वळली, पाऊल टाकलं. "कुठे आले?"

"जागेवर, मॅडम!"

तिनं वाक्य लिहिलं, *पलटी आली की क्रम आला*. पुढं जागा सोडली. "इथं एक शब्द लिहायचा मोह होतो. तो का लिहायचा नाय, ते तुम्ही शोधायचं. आणि माझी चूक सापडली तर तिथंच उठून सांगायची. मोठ्यानं."

पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सापडली तर तुमी काय उतरवणार, मॅडम? तुमाला तर मिशी नाय."

वर्ग खिदळला. संगिताही हसली. "मी खुर्चीवरून उतरणार. पकडेल ती खुर्चीवर बसेल, मी तिच्या बाकावर."

तेवढ्यात तिला मागचा बाक दिसला. तिचा हात ओढणीकडे गेला, पण तिनं गाठ मारली नाही. खडू उचलला आणि पुढं शिकवायला लागली.

मागच्या बाकावर सावे सरांचे दोन्ही हात आपोआप वर गेले, आणि नसलेल्या मिशीच्या दोन्ही टोकांना त्यांनी सावकाश पीळ दिला. दोन्ही बाजूंना अगदी सारखा.