मॅक्सिमच्या शेजारची जागा

आखातातल्या रुवीच्या चर्चमध्ये मिस्सा संपली तशी जेनेटने ऑलविनला गाठलं. नाकाटो नावाची युगांडाची बाई वारली होती. लोकांच्या घरी काम करायची, चर्चच्या गायकवृंदात जेनेटबरोबर गायची. मयत गावी न्यायला कुणी नव्हतं.

"मंडळाच्या कबरस्तानात पुरू या तिला," जेनेट म्हणाली.

ऑलविन अंत्यविधी मंडळाचा अध्यक्ष. वादी अदाई या वस्तीपलीकडची ती जागा त्याच्या वडिलांनी, मॅक्सिमनी, वसईच्या मित्रांना घेऊन मिळवली होती. परवानगीसाठी हेलपाटे घातले, सुट्टीच्या दिवशी स्वतः दगड फोडून कुंपण घातलं.

"जागा कुठेय, जेनेट? आपल्या वसईकरांनाच पुरत नाही."

जागा होती. जेनेटलाही ते ठाऊक होतं. ती निघून गेली.

घरी जेवताना ऑलविनने आईला हे सहज सांगितलं. एलिझाबेथने हातातला घास ताटात ठेवला.

"डॅडींच्या शेजारी माझी जागा आहे ना? ती दे तिला."

"मम्मी, काहीतरीच काय!"

"आपल्याकडची पहिली कबर कोणाची?"

"पास्कोल अंकलची."

"त्याच्या आधी एक खलाशी पुरला होता, मोझांबिकचा. त्याचं मयत ताब्यात घ्यायला कुणी येईना, म्हणून तर डॅडींनी मंडळ काढलं. त्या फाटकाजवळच्या कोपऱ्यात आहे तो."

त्या कोपऱ्यात ऑलविनने गेल्या वर्षी खुर्च्या ठेवायला शेड बांधून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने माणसं नेऊन शेड उतरवली. खाली दगडांची ओळ निघाली. पण खलाशाचं नाव एलिझाबेथलाही आठवेना, आणि सांगणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं.

नाकाटोच्या मैत्रिणी तिची पेटी गात गात घेऊन आल्या. मॅक्सिमच्या शेजारी ती कबरीत उतरवली. माती लोटून झाल्यावर त्यांच्यातली एक वयस्कर बाई ऑलविनकडे आली. त्याचे दोन्ही हात धरून इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही जागा दिलीत. देव तुमचं भलं करो."

"मी नकार दिला होता," ऑलविन कसाबसा बोलला. "जागा माझ्या आईने दिली."

"ठाऊक आहे. जेनेटने सांगितलं."

तरी तिने हात सोडले नाहीत. तिच्याकडे बघवेना म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला.