संताच्या कडेवरचं मूल

दुसरं महायुद्ध ब्राझीलमधल्या आमच्या गावात माझ्या टाचण्यांवर लढलं गेलं. नवऱ्याचं, अनिझियोचं, औषधांचं दुकान आणि मागच्या खोलीत माझं शिवणकाम. दुकानाच्या भिंतीवर त्यानं जगाचा नकाशा लावला. रोज संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या संपल्या की गावातले रिकामटेकडे माझ्या डब्यातल्या टाचण्या घेऊन फौजा हलवू लागत. आज रशियन पुढे सरकले, उद्या ब्रह्मदेशात जपानी मागे हटले, परवा पॅसिफिकमधलं एखादं बेट पडलं, ज्याचं नाव कुणालाच धड घेता येत नसे. साखर मिळेना, पेट्रोल मिळेना, पण सेनापतींचा काही तुटवडा नव्हता. मला ब्लाऊज बेतायला टाचणी उरत नसे.

इटलीतल्या टाचणीला मात्र कुणी हात लावत नसे. तिथे डोंगरात बर्फ पडलेलं आणि आमची ब्राझीलची फौज हिवाळाभर एकाच डोंगराखाली अडकलेली. त्या फौजेत आमच्या गावची दोन पोरं होती, इदालिनाचा नेस्तोर आणि झुल्मिराचा जुव्हेनाल. दोघी शेजारणी. रोज येऊन दारातूनच नकाशा बघायच्या. टाचणी जागची हलली नाही की पुरुष वैतागायचे आणि या दोघींचा जीव भांड्यात पडायचा. एकदा इदालिना मला हळूच म्हणाली, "जरा मागे घे ना गं ती, समुद्राच्या बाजूला. तेवढीच घराजवळ." मी घेतली. दुसऱ्या दिवशी अनिझियोनं दुकान डोक्यावर घेतलं.

पोरं बोटीत चढली त्याच आठवड्यात या दोघींनी संत अंतोनियोला वेठीला धरलं होतं. आमच्याकडे त्याच्याशी असंच वागतात. हरवलेली वस्तू सापडेना, पोरीचं लग्न जमेना, की बायका मूर्तीच्या कडेवरचं बाळ येशू काढून लपवून ठेवतात. काम झालं की बाळ परत. पण हे चालतं घरातल्या वीतभर मूर्तीशी. या दोघींनी थेट चर्चमधल्या मोठ्या मूर्तीलाच हात घातला. झुल्मिरा दारात राखणीला उभी राहिली, इदालिना स्टुलावर चढली, आणि मी फादर लेओन्सिओंना नव्या झग्याच्या मापासाठी अडकवून ठेवलं. बाह्यांचं माप मी तीनदा घेतलं.

"तुझं पोर आमच्याकडे," इदालिनानं संताला बजावलं. "आमची दोन आण, मग हे घेऊन जा."

बाळ एक आठवडा हिच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे. दर रविवारी मक्याच्या भाकरीच्या टोपलीत, फडक्याखाली झाकून त्याची ने-आण व्हायची. सगळ्या गावाला ठाऊक होतं. फादर चोरीच्या पापावर प्रवचन द्यायचे, पण तेवढा वेळ नजर छताकडे ठेवायचे.

एप्रिलमध्ये इटलीतली आघाडी फुटली. माझी टाचणी एकदम पळत सुटली. रोज पुढे, रोज पुढे. दुकानासमोर फटाके उडाले, अनिझियोनं सगळ्यांना फुकट कॉफी पाजली. त्याच धामधुमीत एका डोंगरी गावात जुव्हेनाल पडला.

तार आली तेव्हा आठवडा उलटून गेला होता. झुल्मिरा ती वाचून घ्यायला आमच्या दुकानात आली. अनिझियोनं वाचून दाखवली आणि चष्मा पुसायला घेतला. तिनं एवढंच विचारलं, "कुठं?" त्यानं नकाशावर बोट ठेवलं. ती जवळ जाऊन बघत राहिली. तिथे काहीच नव्हतं. टाचणी केव्हाच पुढे गेली होती, तिचं बारीकसं भोक तेवढं राहिलं होतं. त्या दिवसापासून मला तो नकाशा बघवेना.

त्या आठवड्यात बाळ झुल्मिराकडे होतं. रविवार आला. इदालिना ते आणायला गेली नाही. कोणत्या तोंडानं जाणार? माझ्या मशीनपाशी येऊन ती रडायची. झुल्मिरानं रागाच्या भरात ते फोडलं, नदीत फेकलं, तर कोण तिला बोल लावणार? पण मग नेस्तोरचं काय? आणि शेजारणीचं पोर गेलं असताना आपल्या मनात हे असलं येतं, म्हणून स्वतःलाच शिव्या घालायची. मे महिन्यात युरोपातली लढाई संपली, पण पॅसिफिकमधल्या टाचण्या अजून हलत होत्या. आता आपली पोरं जपानवर धाडणार अशी आवई उठली होती. इदालिनाचे सैल झालेले कपडे मी दोनदा आत घेतले.

जूनमध्ये संत अंतोनियोचा सण. बाळाशिवाय मिरवणूक कशी काढायची, म्हणून फादर स्वतः झुल्मिराच्या घरी गेले. मी तिच्या दुखवट्याच्या काळ्या कपड्यांना काठ घालत तिथेच बसले होते. फादर चांगले होते, पण कुठे काय बोलावं ते त्यांना कधी कळलं नाही. म्हणाले, "बाई, आता ते ठेवून काय उपयोग?"

झुल्मिरा मक्याचं पीठ ढवळत होती. तिनं हात थांबवला नाही.

"माझा गेला, फादर. तिचा अजून यायचाय. तो घरी आल्याशिवाय मी हे सोडायची नाही."

त्या वर्षी संत रिकाम्या कडेनं गावभर फिरला. कुणीतरी त्याच्या हातांत लिलीची फुलं खोचली होती. झुल्मिरा काय म्हणाली ते मी इदालिनाला मिरवणुकीतच सांगितलं. ती भर रस्त्यात खाली बसली आणि तिला उठवता उठवेना.

नेस्तोर पुढच्या महिन्यात आला. वाळून काटकी झालेला, बोटं सिगारेटनं पिवळी. स्टेशनवर कुणी फटाके उडवले नाहीत. आवाजाला तो दचकतो असं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच झुल्मिरा इदालिनाच्या दाराशी उभी. काखेत गुंडाळलेलं बाळ. इदालिना तिच्या पायाशीच वाकायला गेली, पण तिनं वाकू दिलं नाही. ती नेस्तोरला म्हणाली, "चल रे, स्टूल धरायला ये."

मीही त्यांच्या मागोमाग गेले; इदालिना आणि मी चर्चच्या दारातच थांबलो. नेस्तोरनं स्टूल धरलं आणि झुल्मिरा वर चढली. तिनं बाळ संताच्या कडेवर बसवलं. ते नीट बसेना, डुगडुगत होतं. तिनं ते दाबून बसवलं आणि संताचा लाकडी हात त्याच्याभोवती असल्याची खात्री करून घेतली.

"घट्ट धर," ती संताला म्हणाली. "एकदा सुटलं की मिळत नाही."