राख पडण्याआधीचं वाक्य

एटना ज्वालामुखी धुमसायला लागला की पायथ्याच्या कातानिया शहरात आम्ही छत्र्या बाहेर काढतो, राखेसाठी. त्या राखेची आगाऊ सूचना देणारं ॲप आमची टीम बनवत होती. भिंतीवर कामांची कार्डं लागली होती: रंगीत नकाशा, वाऱ्याचा आलेख, जुन्या उद्रेकांची माहिती.

आम्हाला मार्गदर्शन करायला आलेल्या रोझाल्बाने ती सगळी वाचली. "यात माणूस कुठंय रे? कोणाला, काय, कशासाठी हवंय, ते एका वाक्यात लिहा. त्याला यूजर स्टोरी म्हणतात. ही तर नुसती तुमची हौस!"

"माणूस म्हणजे सगळेच की," आमच्या टीममधला तुरी म्हणाला.

"सगळे म्हणजे कोणीच नाही. उठा, चला."

तिने आम्हाला डोंगराखालच्या गावात नेलं. तिथल्या मेलिनामावशी गच्चीवर टोमॅटोचा गर लाकडी फळ्यांवर पसरून वाळवत होत्या.

"मावशी, वाऱ्याचा आलेख दाखवला तर?" मी विचारलं.

"आलेख काय मीठ लावून खाऊ? राख माझ्या गच्चीवर पडणार का, तेवढं सांग. फळ्या आत नेता येतील इतकं आधी सांग."

परतल्यावर तुरीने लिहिलं: 'गच्चीवर वाळवण घालणारी म्हणून, राख माझ्याकडे येणार का ते मला आधी कळावं, म्हणजे फळ्या आत नेता येतील.'

"वाळवणासाठी ॲप? लोक हसतील!" तोच कुरकुरला.

"हसू देत. नकाशा नसला तर कोणाचं अडेल, सांग," रोझाल्बा म्हणाली.

लाडक्या नकाशाचं कार्ड तुरीने स्वतःच खाली सरकवलं आणि त्या वाक्याचं कार्ड सगळ्यात वर लावलं.

ऑगस्टात गावाने ॲप वापरायला घेतलं. एका सकाळी आम्ही मावशींकडेच होतो, आणि डोंगर गरजला. राखेचा काळा खांब आभाळात चढला, वाकला, गावाकडे निघाला. ॲपच्या इशाऱ्याने मावशींचा फोन वाजला. मग शेजारचा, मग पलीकडचा. वरच्या आळीतल्या लाल गच्च्या रिकाम्या होऊ लागल्या, मग मधल्या, मग खालच्या. वाऱ्याच्याच वाटेने, ढगाच्या जरा पुढे. पूर्वेकडच्या गल्लीत मात्र फळ्या तशाच निवांत उन्हात. तिकडे राख जाणारच नव्हती.

"बघत काय बसलात मेल्यांनो? धरा फळी!" मावशी ओरडल्या.

आम्ही फळ्या आत नेल्या.

"एवढं सगळं गाव… एका वाक्यावर?" तुरी पुटपुटला.

रोझाल्बाचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात रिकाम्या गच्चीवर राख तडतडू लागली, आणि आम्ही दारात उभे राहून ती पडताना बघत राहिलो.