पंपाचा अर्ज

मी कामाला होते ती लॉन्ड्री आता राहिली नाही, पण इस्त्रीखालून निघणारी गरम वाफ अजून माझ्या नाकात आहे. कपडे ओळखू यावेत म्हणून मी आतल्या बाजूला रंगीत दोरा घालायची. डॉक्टरांच्या घरचा लाल, मास्तरांकडचा हिरवा. दोऱ्यांवरून मला सगळी गिऱ्हाइकं पाठ होती, त्यामुळे अक्षरांवाचून काही अडलं नाही. अक्षरं मला साठीनंतर भेटली. तोवर कुणी कागद पुढे केलाच, तर म्हणायचं, "चष्मा घरी राहिला." चष्मा मुळात नव्हताच.

आमचे हे तिथेच बॉयलरवर होते. धुरानं दमा जडला. दर महिन्याला श्वासाचा पंप लागायचा, आणि तो परवडेना. मग हे पुरवून पुरवून वापरायला लागले. "मी दिवसाआड श्वास घेतो," म्हणून हसायचे आणि हसता हसता धापा टाकायचे.

दवाखान्यात मदतीची एक खिडकी होती. एका घराला वर्षातून एकाच गोष्टीसाठी मदत मिळे: औषध, दात नाहीतर चष्मा. मी पंपाचं सांगितलं. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज सरकवला तेव्हा चष्मा घरी राहिल्याचंही सांगितलं, सवयीनं.

"द्या, मी भरते," त्या म्हणाल्या. सही तेवढी मला गिरवता येत होती. ती केली.

आठवड्यानं चिठ्ठी मिळाली. औषधाच्या दुकानदारानं ती बघून परत दिली. "ताई, ही चष्म्याची आहे."

घरी हे म्हणाले, "असू दे. घाल चष्मा, रुबाबदार दिसशील." एवढं बोलताना तीनदा थांबले.

मी पुन्हा खिडकीशी गेले. रांगेत माझ्यामागे लॉन्ड्रीत माझ्याबरोबर कामाला असलेली, जिला सगळे जाडी म्हणायचे, ती उभी होती.

"बाई, पंप हवा होता."

"ऐकलं होतं मी. चष्मा घरी राहिला म्हणालात, तेव्हाच ओळखलं की तो नसणार. पण तुम्ही इस्त्रीवर काम करता, नीट दिसलं नाही तर हात भाजून घ्याल. म्हटलं, या बाई स्वतःसाठी कधी मागायच्या नाहीत."

त्यांनी केलं ते चांगुलपणानंच. पण मी गप्प राहिले असते, तर घरी यांचं वर्ष पंपावाचून गेलं असतं.

"मला सगळं दिसतं," मी म्हणाले. "तुमच्या बाहीवर शाईचा डाग आहे, तोही दिसतो. मला वाचता येत नाही."

मागून जाडी म्हणाली, "अगं, आम्हाला ठाऊक आहे! सुट्टीची नोटीस एवढा वेळ निरखलीस आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर!"

सगळे हसले. मलाही हसू फुटलं.

बाईंनी चष्म्याची चिठ्ठी परत घेतली आणि तो अर्ज फाडला. नवा घेतला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचत, मला विचारत भरला.

पंप आला त्या संध्याकाळी हे पायरीवर बसले आणि बॉयलर फुटता फुटता कसा वाचला, ती गोष्ट त्यांनी सुरू केली. मी ती शंभरदा ऐकली होती. एरवी मध्येच शेवट सांगून टाकायची. त्या दिवशी त्यांना कुठेही थांबावं लागलं नाही, आणि मीही थांबवलं नाही.